चिखलातला ठेवा

जपान हा बेटांचा देश आहे. त्यांतील होन्शू या सर्वांत मोठ्या बेटाच्या ईशान्य भागास तोहोकू असे म्हणतात. एका बाजूस डोंगरांच्या रांगा आणि दुसऱ्या बाजूस अफाट प्रशांत महासागर, अशा या मुलखात शेती व मासेमारी यांवर पिढ्यान् पिढ्या लोकांचा निर्वाह चालत आलेला आहे. या भागातील मियागी प्रांताच्या दक्षिण टोकास, अगदी समुद्रकाठी, यामामोतो नावाचे एक लहानसे नगर आहे. २०११ च्या आरंभी तेथे सोळा हजारांहून थोडी अधिक वस्ती होती. किनाऱ्यालगतच्या सपाट जमिनीत तेथील शेतकरी स्ट्रॉबेरीचे मळे पिकवीत. गावात शाळा होत्या, देवळे होती, रेल्वेचे स्थानक होते. आणि प्रत्येक घरात, जगातील कोणत्याही घरात असतात तशी, घरच्या माणसांची छायाचित्रे होती. कुठे लग्नाचा फोटो, कुठे शाळेच्या पहिल्या दिवशी नवे दप्तर पाठीवर घेऊन उभे राहिलेले मूल, कुठे वर्षापूर्वी वारलेले आजोबा. अल्बम कपाटात असत. ते आहेत याची कोणाला रोज आठवणही होत नसे.

११ मार्च २०११ या दिवशी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी तोहोकूच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्राच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला. त्याची तीव्रता ९ इतकी होती. जपानमध्ये भूकंप नवा नाही. परंतु एवढा मोठा भूकंप त्या देशाच्या नोंदींत पूर्वी कधी आढळत नव्हता. समुद्राचा तळ एकाएकी उचलला गेला आणि त्यावरचे पाणी ढकलले जाऊन त्याच्या लाटा किनाऱ्याकडे धावू लागल्या. अशा लाटांना जपानी भाषेतच ‘त्सुनामी’ हा शब्द आहे आणि तो आज साऱ्या जगाने स्वीकारला आहे. काही ठिकाणी हे पाणी डोंगरउतारावर सुमारे ४० मीटर उंचीपर्यंत चढले. या आपत्तीत सुमारे १५,९०० माणसे मृत्युमुखी पडली आणि अडीच हजारांहून अधिक माणसांचा पुढे कधीच शोध लागला नाही.

यामामोतोच्या किनाऱ्याजवळ नाकाहामा नावाची एक दुमजली प्राथमिक शाळा होती. उंच जागा दूर होती आणि लाट येण्यास वेळ थोडा होता. मुख्याध्यापकांनी विचार केला, की मुलांना रस्त्यावर नेले तर पाणी त्यांना वाटेतच गाठील. त्यांनी सर्वांना शाळेच्या छतावर चढविले. पाणी दुसऱ्या मजल्याच्या आढ्यापर्यंत आले. मुले, शिक्षक आणि आसऱ्यास आलेले ग्रामस्थ अशा ९० जणांनी ती कडाक्याच्या थंडीची रात्र छताजवळच्या अडगळीच्या खोलीत काढली आणि ते सर्व वाचले. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलांनी खाली पाहिले, तेव्हा त्यांचे गाव तेथे नव्हते. घरांच्या जागी नुसती जोती उरली होती. त्या एका नगरात सहाशेहून अधिक माणसे गेली होती.

मग शोधाचे व सफाईचे काम सुरू झाले. जपानच्या स्वसंरक्षण दलाचे सुमारे एक लाख जवान आपद्ग्रस्त भागांत उतरले. त्यांच्याबरोबर अग्निशामक दलाचे लोक, पोलीस आणि देशभरातून आलेले स्वयंसेवक होते. फुटलेल्या नौका, उलटलेल्या मोटारी, घरांचे वासे आणि समुद्राचा काळा चिखल यांचे ढीगच्या ढीग पडले होते. या ढिगांतून प्रथम माणसे शोधायची होती. मात्र माणसे शोधता शोधता कामकऱ्यांच्या हाती आणखी एक वस्तू वारंवार लागू लागली. ती म्हणजे छायाचित्रे. कधी अखंड अल्बम, कधी चौकटीतली तसबीर, कधी चिखलात रुतलेले एकटेच चित्र.

ही चित्रे कोणाची, हे उचलणाऱ्याला ठाऊक नव्हते. ज्या घरातून ती निघाली ते घर कदाचित दोन कोस दूर होते, आणि त्या घरची माणसे जिवंत होती की नाही, हेही कोणी सांगू शकत नव्हते. तरीही पुष्कळ ठिकाणी जवानांनी व स्वयंसेवकांनी ती कचऱ्यात जाऊ दिली नाहीत. ती वेचून त्यांनी बाजूला ठेवली. गावोगावी शाळांच्या व्यायामशाळांत या छायाचित्रांच्या राशी जमू लागल्या. त्यांच्या शेजारी शाळेची दप्तरे, बाहुल्या आणि पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्याही मांडून ठेवलेल्या असत.

येथे एखाद्याच्या मनात सहज प्रश्न येईल: ज्यांना घर नाही, कोरडे वस्त्र नाही, दोन वेळचे अन्न नाही, त्यांना फोटोचे काय महत्त्व? प्रश्न अयोग्य नाही. अन्न, निवारा आणि औषध यांची व्यवस्था प्रथम झाली पाहिजे, यात शंका नाही. आणि ती झालीही. परंतु ती होताच लोक आपल्या पडक्या घरांकडे परतू लागले, तेव्हा ते तेथे काय शोधत होते? भांडी पुन्हा विकत मिळतात, कपडे मिळतात, घरही पुन्हा उभे राहते. जी वस्तू कोणत्याही दुकानात मिळत नाही, तीच ते शोधत होते. ज्याचा मुलगा वाहून गेला, त्याला त्या मुलाचा चेहरा हवा होता. जपानी रीतीप्रमाणे अंत्यविधीच्या वेळी मृताचे छायाचित्र समोर ठेवतात. ज्या कुटुंबांचे सर्वस्व गेले होते, त्यांच्यापाशी त्या विधीसाठी ठेवावयास एक चित्रही उरले नव्हते. अशा कुटुंबास एखाद्या सहलीच्या फोटोत, पन्नास जणांच्या घोळक्यात, आपल्या माणसाचा नखाएवढा चेहरा सापडला, तरी त्याचे मोल सांगता येणार नाही.

परंतु छायाचित्रे नुसती वेचून भागणार नव्हते. ती राशींत पडल्या पडल्या कुजू लागली होती. हे का घडते, हे समजण्यासाठी छायाचित्र कसे बनलेले असते ते पाहिले पाहिजे. कागदावरील छायाचित्रात चित्र कागदाच्या अंगात भिनलेले नसते. कागदाच्या पृष्ठभागावर जिलेटिन नावाच्या पदार्थाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. काळ्यापांढऱ्या चित्रात चांदीचे सूक्ष्म कण आणि रंगीत चित्रात रंगद्रव्ये या थरात धरून ठेवलेली असतात. म्हणजे जिलेटिन हे जणू चित्राचे घर होय. ते कोरडे असते तोवर वर्षानुवर्षे टिकते; पण ओले झाले की फुगते, मऊ होते आणि चिखलातील सूक्ष्म जंतूंचे खाद्य बनते. जंतू जिलेटिन खातात, आणि घर कोसळले की त्यात राहणारे चित्रही निराश्रित होऊन वाहून जाते.

रंगीत छायाचित्रांत हा नाश एका विशिष्ट क्रमाने होतो. त्यांत रंगांचे तीन थर एकावर एक असतात: सर्वांत वर निळसर, त्याखाली किरमिजी आणि तळाशी पिवळा. वरचा थर प्रथम जातो, म्हणून चित्र आधी तांबूस दिसू लागते. मग किरमिजी थरही गेला म्हणजे ते पिवळे पडते, आणि शेवटी पांढरा कागद तेवढा उरतो. हा नाश बहुधा कडांकडून आत सरकत जातो. त्यामुळे पुष्कळ चित्रांत सभोवती लालपिवळ्या ज्वाळांसारखे पट्टे आणि मध्यभागी एखादा चेहरा अजून शाबूत, असे विलक्षण दृश्य दिसत असे. त्या चेहऱ्यापर्यंत नाश पोहोचण्यापूर्वी काही केले नाही, तर तोही जाणार हे उघड होते. मार्च संपून उन्हाळा जवळ येत होता. उष्णता वाढली की जंतूही वाढतात. घाई करणे आवश्यक होते.

यामामोतो येथे या कामी काही तरुण संशोधक पुढे आले. समाज आणि माहितीशास्त्र यांचा अभ्यास करणाऱ्या एका विद्वत्संस्थेचे ते सदस्य होते आणि कुनिओमी शिबाता हे प्राध्यापक त्यांत प्रमुख होते. मुनेमासा ताकाहाशी हा तरुण छायाचित्रकार तोक्योहून येऊन त्यांना मिळाला. त्यांनी आपल्या उपक्रमास ‘ओमोइदे साल्व्हेज’ असे नाव दिले. ‘ओमोइदे’ म्हणजे आठवण, आणि ‘साल्व्हेज’ म्हणजे बुडालेल्या जहाजातील माल पाण्याबाहेर काढणे. बुडालेल्या आठवणी वर काढण्याचे हे काम होते. विद्यार्थी, नोकरदार, छायाचित्रकार, गृहिणी असे अनेक स्वयंसेवक सुट्टी काढून तेथे येत आणि चार दिवस राबून परत जात.

काम दिसावयास सोपे, पण करावयास अत्यंत नाजूक होते. प्रथम अल्बमावरील वाळलेली माती कुंचल्याने हलकेच झाडावयाची. मग पाने एकमेकांपासून सोडवावयाची. चित्र पानाला चिकटले असेल तर ते ओढावयाचे नाही. ओढले की जिलेटिनचा थर कागदापासून सुटून येतो. अशा वेळी पानच कापून घ्यावयाचे. त्यानंतर पसरट भांड्यात थंड किंवा अगदी कोमट पाणी घेऊन त्यात एकेक चित्र बुडवावयाचे आणि बोटांच्या टोकांनी किंवा मऊ कुंचल्याने कडेपासून आत माती काढावयाची. जेथे चित्र आधीच विरघळू लागले असेल, त्या भागास हात लावावयाचा नाही. एका भांड्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, अशा क्रमाने स्वच्छ पाण्यात ते खळबळून घ्यावयाचे, आणि शेवटी कपडे वाळत घालतात तसे दोरीवर चिमट्याने अडकवून सावलीत वाळवावयाचे. ऊन लागू द्यावयाचे नाही आणि ओली चित्रे एकमेकांवर ठेवावयाची नाहीत. छायाचित्रांचे साहित्य बनविणाऱ्या ‘फुजीफिल्म’ या जपानी कंपनीनेही धुण्याची ही रीत प्रसिद्ध करून ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांस मार्गदर्शन केले.

धुणे झाले म्हणजे अर्धे काम झाले. चित्र मालकाकडे पोहोचावयाचे तर ते कोणत्या अल्बमातले आणि कोठे सापडले, याची नोंद हवी. म्हणून एका अल्बमातील चित्रे एकत्र ठेवून प्रत्येकास क्रमांक देण्यात आले. चित्राच्या पाठीमागे कोणी नाव, गाव किंवा तारीख लिहिली असेल तर ती टिपून घेण्यात आली. ज्या आजीने कधीकाळी फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने दोन शब्द लिहून ठेवले होते, तिचे ते दोन शब्द आता वाट दाखवू लागले. पुढे प्रत्येक छायाचित्राची डिजिटल प्रत काढण्यात आली. एक तर मूळ चित्र कुजले तरी प्रत उरावी, आणि दुसरे म्हणजे संगणकावर शोध घेणे सुलभ व्हावे. अशा रीतीने त्या एका लहान नगरातील सुमारे साडेसात लाख छायाचित्रे धुऊन नोंदविली गेली. ही संख्या किती मोठी आहे याची कल्पना एका हिशोबाने येईल. एकाच माणसाने रोज शंभर छायाचित्रे धुतली असती, तर त्याला हे काम पुरे करण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला असता. अनेकांनी थोडा थोडा वाटा उचलला, म्हणूनच ते शक्य झाले.

यामामोतोसारखेच काम किनाऱ्यावरील इतर अनेक गावी चालले होते. नातोरी शहरातील युरिआगे येथे प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत सापडलेली छायाचित्रे मांडून ठेवली होती. उत्तरेकडील ओफुनातो व रिकुझेन्ताकाता या भागांत एका अमेरिकन सेवासंस्थेचे स्वयंसेवक चिखल उपसण्यास आले होते. त्यांत बेकी मॅन्सन नावाची एक स्त्री होती. न्यूयॉर्क शहरात छायाचित्रांतील दोष काढून ती सुंदर करण्याचा तिचा व्यवसाय होता. जमलेली छायाचित्रे तिने पाहिली आणि आपल्या हातातील कला येथे उपयोगी पडेल, असे तिच्या ध्यानी आले. सहा महिन्यांत त्या स्वयंसेवकांनी सुमारे १,३५,००० छायाचित्रे हातांनी धुतली. ज्यांचे नुकसान अधिक झाले होते, अशी काही चित्रे मालकांच्या संमतीने जगभरातील जाणकारांकडे संगणकाद्वारे पाठविण्यात आली. पाचशेहून अधिक लोकांनी आपापल्या देशांत बसून, एक पैसाही न घेता, अनोळखी माणसांचे पुसलेले कपाळ, तुटलेला हात, विरलेले हसू पुन्हा रेखाटून दिले.

‘रिकोह’ या दुसऱ्या एका जपानी कंपनीतील कर्मचाऱ्यांनीही असे काम हाती घेतले आणि ते २०११ पासून २०१५ पर्यंत चार वर्षे चालविले. त्यांच्याकडे चार लाखांहून अधिक छायाचित्रे आली. त्यांपैकी सुमारे ९०,००० आपल्या घरी परत गेली. म्हणजे पाचांतील एकाहून थोडी अधिक. कोणी म्हणेल, की एवढे कष्ट करून चार वाटे तसेच राहिले. पण ज्यांच्या हाती तो पाचवा वाटा पडला, त्यांना विचारले तर हा हिशोब वेगळा दिसेल.

छायाचित्रे मालकांस शोधावयास ठेवताना एक कठीण प्रश्न उभा राहिला. ती लोकांपुढे मांडल्याशिवाय कोणी ओळखणार कसे? आणि मांडावी तर परक्या घरातील खाजगी क्षण वाटेल त्याने पाहावेत, हे योग्य आहे काय? अल्बम ही काही वर्तमानपत्राची पाने नव्हेत. त्यातील बाळाच्या न्हाणीचे चित्र, आजाऱ्याचे चित्र, भांडणानंतरच्या सलोख्याचे चित्र ही त्या त्या घराची गुपिते असतात. म्हणून चित्रे जगजाहीर करण्याऐवजी गावच्याच एखाद्या केंद्रात मांडावी, ओळख पटवून घेऊन मालकाच्या हाती द्यावी आणि शोधणाऱ्या वृद्धांजवळ कोणी तरी बसून त्यांस साहाय्य करावे, ही रीत अनेक ठिकाणी इष्ट मानली गेली. सापडलेली वस्तू जपणे जितके महत्त्वाचे, तितकेच ज्याची ती वस्तू आहे त्याचा मान जपणेही महत्त्वाचे, हे या लोकांनी ओळखले होते.

तरीही एक पेटी उरली होती. यामामोतो येथे धुताना काही छायाचित्रे अशी निघत, की त्यांवर ओळखण्यासारखे काहीच शिल्लक नसे. कोठे नुसते रंगांचे लोट, कोठे एक बाही, कोठे झाडाचा शेंडा आणि त्याखाली कोऱ्या कागदाचा डाग. ही चित्रे कोणीही ओळखू शकणार नव्हते. ती एका बाजूस टाकली जात आणि पुढे नष्ट करावी लागणार होती. ताकाहाशीच्या मनास हे पटेना. ज्यांनी ती धुतली त्यांनी तासन् तास त्यांवर ममतेने हात फिरविला होता. ती काढणाऱ्याने कधी काळी ‘हसा’ असे म्हटले असेल आणि समोरचा हसला असेल. चित्रातील हसू गेले, म्हणून ते हसणे घडलेच नाही असे कसे म्हणावे?

पण ती लोकांपुढे मांडावी की नाही, हाही विचार करण्यासारखा प्रश्न होता. दुसऱ्याच्या दुःखाचे प्रदर्शन करणे केव्हाही शोभत नाही. या चित्रांतील माणसे ओळखू येत नव्हती, त्यामुळे कोणाचे गुपित उघडे पडणार नव्हते. आणि दूरच्या लोकांना आपत्तीचे स्वरूप आकड्यांपेक्षा या चित्रांनी अधिक कळेल, असे कार्यकर्त्यांना वाटले. म्हणून २०१२ च्या आरंभी तोक्योत आणि त्याच वर्षी अमेरिकेतील लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क या शहरांत ती प्रदर्शनात ठेवण्यात आली. भिंतीवर जमिनीपासून वरपर्यंत एकापुढे एक हजारो लहान चित्रे लावलेली होती. दुरून पाहणाऱ्यास ती धुके पसरल्यासारखी फिकट दिसत. जवळ गेल्यावर त्यांतून कुठे विवाहाचा पोशाख, कुठे चेंडू, कुठे दारातील मोटार दिसू लागे. एखाद्या बातमीत ‘पंधरा हजार माणसे गेली’ असे वाचून आपण पान उलटतो. या भिंतीपुढे उभा राहणारा मनुष्य मात्र त्या प्रत्येक माणसाला एक घर होते, हे विसरू शकत नसे. या प्रदर्शनांतून जमलेली मदत यामामोतोच्या लोकांसाठी होती.

हा सारा वृत्तांत दूर देशातील असला, तरी पूर आणि पाऊस यांची ओळख महाराष्ट्राला नाही असे नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पाण्याने पुण्यातील नदीकाठचे वाडे पाहता पाहता गिळले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा यांच्या पुराने सांगली-कोल्हापूरकडील असंख्य घरे पाण्याखाली गेली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. पाणी ओसरल्यावर घरोघरी ओल्या सामानाचे ढीग रस्त्यावर येतात, आणि त्या ढिगांत बहुधा एखादा अल्बमही असतो. ‘भिजला, गेला’ असे म्हणून तो फेकला जातो. वास्तविक त्याच दिवशी पाने सोडविली, स्वच्छ थंड पाण्यात चित्रे धुतली आणि सावलीत दोरीवर वाळविली, तर त्यांतील पुष्कळ वाचू शकतात. त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत. एक पसरट ताट, थोडे पाणी, मऊ कुंचला, दोरी, चिमटे आणि धीर, एवढे साहित्य पुरते. घरी छापाई-यंत्रावर छापलेल्या चित्रांची शाई मात्र पाण्यात पसरते. अशी चित्रे न धुता आधी वाळवावीत.

संकट येण्यापूर्वीही पुष्कळ करता येते. घरातील जुन्या फोटोत उभी असलेली माणसे कोण, हे वडीलधारी माणसे हयात असतात तोवरच कळू शकते. आजीजवळ बसून एकेका चेहऱ्याचे नाव विचारावे आणि चित्राच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहून ठेवावे. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांत अनोळखी होतो. आणि अनोळखी झालेला फोटो रद्दीच्या गठ्ठ्यातून जुन्या बाजारात पोहोचतो. तेथे एखाद्या पुस्तकात असा परका फोटो सापडला, तर तो फाडून टाकू नये. त्याच्यामागे काही लिहिले आहे काय ते पाहावे, मालकाचा शोध लागत असेल तर त्यास परत करावा, आणि न लागल्यास तो जपून ठेवावा. तो आपला नसला तरी कोणाचा तरी आहे.

यामामोतोच्या व्यायामशाळेत चिखलाने माखलेले चित्र पाण्यात धरणाऱ्या स्वयंसेवकाला समोरचा चेहरा माहीत नव्हता, आणि ज्याला ते चित्र मिळावयाचे त्याला हा स्वयंसेवक कधी दिसणार नव्हता. ना ओळख, ना देणेघेणे, ना आभाराची अपेक्षा. तरी माती निघाली, पाण्यातून हळूहळू एक डोळा दिसू लागला, मग दुसरा, मग ओठ; आणि कोणाची तरी आई पुन्हा वर आली. नाकाहामाची ती शाळा २०२० पासून, लाटेने केली त्याच अवस्थेत, लोकांना पाहण्यासाठी खुली केलेली आहे. तेथे भिंती पडक्या आहेत, खिडक्यांना काचा नाहीत. त्या नगराने आपल्या नव्या पिढीसाठी दोन गोष्टी राखून ठेवल्या: समुद्राने काय केले याची साक्ष देणारी ती इमारत, आणि समुद्राला जे नेता आले नाही ते धुऊन परत केलेले चेहरे.

अभ्यास

१. यामामोतो येथील शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलांना रस्त्यावर का नेले नाही? त्यांच्या निर्णयाचा परिणाम काय झाला?

२. ओले झालेले रंगीत छायाचित्र आधी तांबूस, मग पिवळे व शेवटी पांढरे का होते, ते आपल्या शब्दांत सांगा.

३. छायाचित्रे धुताना कोणत्या गोष्टी कराव्या आणि कोणत्या टाळाव्या, यांची दोन स्वतंत्र यादी करा.

४. सापडलेली छायाचित्रे सर्वांपुढे मांडण्यात कोणती अडचण होती? ती कशी सोडविली गेली?

५. ‘ज्यांना अन्न नाही त्यांना फोटोचे काय महत्त्व?’ या प्रश्नाला पाठात कोणते उत्तर दिले आहे? ते तुम्हांस पटते काय? कारणे द्या.

६. पुढील शब्दसमूह वाक्यांत योजा: मृत्युमुखी पडणे, पाहता पाहता गिळणे, वाटा उचलणे, मनास न पटणे.

७. घरातील एक जुना फोटो निवडा. त्यातील माणसांची नावे, स्थळ व प्रसंग वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळींत लिहा.